अंगणांतील माती

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यांत मुख्य धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं वक्त्यानें गत वर्षांचा इतिहास सांगावा, पूर्वजांचें ऋण आठवावें व श्रोत्यांचें अभिनंदन करावें, अशी सर्वसाधारण रीत आहे. तें काम माझ्यापूर्वीं बोललेल्या सद्गृहस्थांनीं उत्तम प्रकारें पार पाडलें आहे. तेंच पुन्हा सांगून मी आपला वेळ घेत नाहीं. मला दिलेल्या वेळांत एका लहानशा, घरगुती, परंतु माझ्या मतें निकडीच्या विषयाकडे मी आपलें लक्ष वेधूं इच्छितों. तो विषय म्हणजे आपल्या घरापुढील व घरामागील उघडी जमीन, आणि तिच्यांत पिकूं शकणारें अन्न.

आपल्यापैकीं बहुतेक कुटुंबें मूळचीं खेड्यांतलीं. कोणी गेवराईकडून, कोणी शिरूर-पाटोद्याकडून, कोणी आष्टी-केजच्या डोंगरपट्ट्यांतून शहराच्या आश्रयास आलीं. मुलांचें शिक्षण व्हावें, बारमाही काम मिळावें, ऊंसतोडीचा कोयता एकदांचा हातून सुटावा, हा त्यांचा हेतु. पोटास चिमटा घेऊन कोणी वीस फूट रुंद व तीस फूट लांब असा प्लॉट घेतला, त्यावर दोन खोल्या उभ्या केल्या. घर झालें कीं आशीर्वादासाठीं मला बोलावणें येतें. मी मोठ्या आनंदानें जातों. प्रार्थना संपते, चहा होतो, आणि घरधनी मला अंगणांत नेऊन सांगतो, “फादर, आतां एवढी फरशी राहिली. पुढच्या वर्षीं सगळें बंद करून टाकूं.”

“सगळें बंद करून टाकूं,” या शब्दांविषयीं मला आज बोलावयाचें आहे.

फरशी घालूं इच्छिणाऱ्या मनुष्यास मी नांवें ठेवीत नाहीं. ज्यानें जन्मभर चिखल तुडविला, ज्याच्या आईनें दर आठवड्यास शेणानें घर सारविलें, त्यास कोरडी व चकचकीत जमीन हा सन्मान वाटला तर त्यांत नवल काय? शिवाय आपल्यापैकीं अनेकांच्या वाडवडिलांना गांवीं हातभरही स्वतःची जमीन नव्हती. मातीशीं त्यांचा जो संबंध आला तो दुसऱ्याच्या शेतांत, दुसऱ्याच्या हुकमाखालीं. त्या मातीची आठवण गोड नाहीं. परंतु मी आपणांस एक गोष्ट विचारतों. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या मातींत राबल्यानंतर, आज प्रथमच खरेदीखतावर आपलें नांव चढलें आहे. सहाशे चौरस फूट कां होईना, ही माती आपली आहे. आणि ती हातीं येतांच आपण पहिलें काम कोणतें करतों? तिच्यावर सिमेंट ओततों! जी वस्तु मिळविण्यास तीन पिढ्या लागल्या, ती एका दुपारीं गाडून टाकावी, हें मला योग्य वाटत नाहीं.

माझी विनंती एवढीच आहे: घराचा पाया घाला, वाट करा, गाडी ठेवण्यापुरती जागा बांधून काढा, पण प्लॉटचा चौथा हिस्सा माती म्हणून राखून ठेवा. सहाशे फुटांत हा हिस्सा दीडशे चौरस फुटांचा होतो. त्यांत काय होऊं शकतें व काय होऊं शकत नाहीं, याचा हिशेब आपण आज करूं.

परक्या शहरांत नव्यानें वसणाऱ्या लोकांस पवित्र शास्त्रांत एक सल्ला दिलेला आहे. यहुदी लोकांस बाबेलांत बंदिवान म्हणून नेण्यांत आलें, तेव्हां यिर्मया संदेष्ट्यानें यरुशलेमेहून त्यांस पत्र पाठविलें. आज ना उद्यां परत जाऊं म्हणून हातावर हात ठेवून बसूं नका, असा त्या पत्राचा आशय. घरें बांधा, असें तो सांगतो. आणि तेथें न थांबता, बागा लावा व त्यांचीं फळें खा, असेंही सांगतो. घर व बाग हीं दोन्ही त्यानें एकाच दमांत सांगितलीं आहेत. आपण त्यांतील पहिली आज्ञा पाळली आणि दुसरी विसरलों.

अलीकडच्या काळांत हीच गोष्ट एका धर्मगुरूनें मोठ्या प्रमाणावर करून दाखविली. फ्रान्स देशाच्या उत्तर भागांतील झ्यूल लमीर हे शेतकऱ्याच्या घरीं १८५३ सालीं जन्मले, धर्मगुरू झाले, व १८९३ सालीं तेथील प्रतिनिधिगृहांत लोकांनीं त्यांस निवडून पाठविलें. त्या वेळीं गिरण्या व खाणी यांमुळें खेड्यांतील माणसें शहरांत लोटलीं होतीं. अंधाऱ्या खोल्यांत कुटुंबें कोंबलेलीं, कामावरून सुटलेल्या गड्यास दारूच्या गुत्त्यावांचून जाण्यास जागा नाहीं, अशी स्थिति होती. त्यापूर्वीं सेदां या शहरीं फेलिसी एर्व्यू नांवाच्या बाईंनीं एक नवा प्रयोग केला होता. गरजू कुटुंबांच्या हातीं नुसता पैसा न देतां त्यांनीं जमिनीचा तुकडा व बियाणें दिलें. लमीर यांनीं ही कल्पना उचलून १८९६ सालीं एक संघ स्थापन केला. त्या संघाच्या नांवाचा अर्थच मुळीं ‘जमिनीचा कोपरा व घराची चूल’ असा होतो. कामगारास घराजवळ लहानसा मळा मिळावा, त्यांत नवराबायको व मुलें यांनीं एकत्र खपावें, आणि सायंकाळीं ताज्या भाजीसह घरीं यावें, हा त्यांचा ध्यास. ते मळे फ्रान्सच्या अनेक शहरांभोवतीं आजही आहेत. या संघाच्या आधीं पांच वर्षें, १८९१ सालीं, तेरावे लिओ या परमगुरूंनीं कामगारांविषयींच्या आपल्या प्रसिद्ध पत्रांत असें प्रतिपादन केलें होतें कीं, मनुष्य स्वतःच्या जमिनींत अधिक आवडीनें राबतो, म्हणून श्रमिकास थोडीशी मालमत्ता साठवितां येईल इतकी मजुरी मिळाली पाहिजे.

आतां आपण फ्रान्स सोडून बीडला येऊं. कारण येथें येतांच आपण मला अडवाल. “फादर, फ्रान्सांत पाऊस पडतो. येथें पिण्यास पाणी नाहीं, नळ रोज येत नाहीं, आणि तुम्ही बाग लावा म्हणतां!” हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. १९७२ चा दुष्काळ आपल्या वडीलधाऱ्यांनीं भोगला; त्या वेळची सुकडी व खडी फोडण्याचीं कामें त्यांना अजून आठवतात. २०१६ च्या उन्हाळ्यांत शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें, तें आपण सर्वांनीं पाहिलें. अशा मुलुखांत पाण्याविषयीं हलकेपणानें बोलणें हें पाप होय. म्हणून हिशेबच करूं.

आपल्या जिल्ह्यांत सरासरीनें वर्षास साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होतें. वीस फूट बाय तीस फूट म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर. ५६ ला ६५० नीं गुणा. छत्तीस हजार लिटर! पांच हजार लिटरचे सात टँकर आपल्या लहानशा प्लॉटवर आकाशांतून दरवर्षीं रिकामे होतात. दुष्काळाच्या सालीं निम्मे धरा, तरी साडेतीन टँकर झाले. ज्या अंगणांत सगळी फरशी आहे तेथें हें पाणी पन्हाळींतून थेट गटारांत जातें. ज्या अंगणांत माती आहे तेथें त्यांतील बरेंच मुरतें, आणि मुरलेलें पाणी झाडाच्या मुळाशीं पुढें कित्येक आठवडे टिकतें.

हें तत्त्व आपल्या शेजारच्या जिल्ह्यांत एका येशूसंघीय धर्मगुरूनें शिकविलें. फादर हर्मन बाखर मूळचे स्वित्झर्लंडचे. त्यांनीं आपलें आयुष्य अहमदनगरच्या, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरच्या, दुष्काळी खेड्यांत वेंचलें. उघड्या डोंगरांवर माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर व बांध घालून, धांवणाऱ्या पाण्यास चालावयास लावावें व चालणाऱ्यास थांबवावें, हें काम त्यांनीं गांवकऱ्यांकडून करविलें. पाणलोट क्षेत्राच्या विकासाचा पुरस्कार करणाऱ्यांत आज त्यांचें नांव आदरानें घेतलें जातें. जें त्यांनीं डोंगरावर केलें तें आपणांस अंगणांत करावयाचें आहे. छपराच्या पन्हाळीखालीं तीन फूट खोल खड्डा घ्या, त्यांत दगडगोटे व वर जाड वाळू भरा. पन्हाळीचें पाणी त्यांत उतरूं द्या. त्या खड्ड्यापासून चार-पांच फुटांवर झाड लावा. एवढें झालें म्हणजे आपला लहानसा पाणलोट तयार झाला.

पाऊस चार महिन्यांचा. उरलेले आठ महिने काय? त्यासाठीं घरांत एकदां वापरलेलें पाणी आहे. पांच माणसांच्या कुटुंबांत आंघोळ, भांडीं, तांदूळ-डाळ धुणें या कामीं माणशीं वीस लिटर पाणी धरलें, तरी दिवसास शंभर लिटर होतें. तें आज कोठें जातें? मोरींतून रस्त्यावर; तेथें त्याचें डबकें होतें, डांस होतात, शेजाऱ्याशीं भांडण होतें. पालापाचोळ्यानें झांकलेल्या शंभर चौरस फुटांच्या वाफ्यास दिवसाकाठीं पन्नास-साठ लिटर पाणी पुरतें. म्हणजे बागेसाठीं नळाचें एक थेंबही अधिक पाणी लागत नाहीं. फेंकलें जाणारें पाणी वळवावें लागतें इतकेंच. पांच हजार लोकांस भाकर वाढून झाल्यावर उरलेले तुकडे वायां जाऊं नयेत म्हणून गोळा करा, अशी आज्ञा प्रभूनें शिष्यांस केली, आणि बारा टोपल्या भरल्या. ज्यानें भाकरी वाढविल्या त्यासही उरलेला तुकडा मोलाचा वाटला. मग आपण कोण?

हें पाणी वळविण्यास यंत्र नको, फक्त उतार पाहिजे. बीड शहराबाहेरची खजाना विहीर आपण पाहिलीच असेल. निजामशाहीच्या काळीं, सोळाव्या शतकांत ती बांधली गेली. तिच्यांतील पाणी मोटेवांचून व पंपावांचून, जमिनीखालच्या कालव्यानें केवळ उतारावर शेतांपर्यंत जाईल, अशी तिची रचना. याच कोरड्या मुलुखांतील कारागिरांनीं हें साधलें. त्यांनीं कोसभर जें केलें तें मोरीपासून वाफ्यापर्यंतच्या दहा फुटांत आपणांस साधूं नये काय?

मात्र पाण्यांत भेद आहे, तो घरांतील बायामाणसांनीं नीट ध्यानांत ठेवावा. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलें पाणी कोणत्याही वाफ्यास चालतें. आंघोळीचें साबणाचें पाणी केळ, अळू व मोठीं झाडें यांच्या आळ्यांत सोडावें. मोरीच्या तोंडाशीं दगडगोट्यांचा एक लहान खड्डा करून त्यांतून तें जाऊं द्यावें. कपडे धुण्याच्या तीव्र पावडरीचें पाणी भाजीस मुळींच घालूं नये. संडासाचें पाणी बागेकडे कधींही वळवूं नये. वापरलेलें पाणी पानांवर शिंपडूं नये, मुळाशीं सोडावें. आणि कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात असें जें कच्चें खातों, त्यास चांगलेंच पाणी द्यावें. पाणी कोठेंही साचूं देऊं नये. सायंकाळपर्यंत तें जिरलें पाहिजे.

भर उन्हाळ्यांत, नळ आठ-दहा दिवसांनीं येऊं लागतो, तेव्हां आंघोळीचेंही पाणी आटतें. अशा वेळीं पालेभाजीचे वाफे खुशाल मोकळे सोडावे आणि फक्त झाडें जगवावीं. त्यास जुना व उत्तम उपाय मडक्याचा. भाजलेलें, न रंगविलेलें मातीचें मडकें झाडाच्या आळ्यांत गळ्यापर्यंत पुरावें, त्यांत पाणी भरावें व वर झांकण ठेवावें. मडक्याच्या अंगांतून पाणी हळूहळू झिरपतें व मुळें तें शोषून घेतात. तीन-चार दिवसांनीं एकदां मडकें भरलें तरी लहान झाड तग धरतें.

पाण्यानंतर मातीचा प्रश्न. घर बांधतांना पायाचा मुरूम, विटांचे तुकडे व सिमेंटचा चुरा याच जागेंत पडलेला असतो. त्यांत कांहीं उगवत नाहीं म्हणून आपण निराश होतों. वैशाखांत दोन फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट खोल असे खड्डे घ्यावे व ऊन खाऊं द्यावे. मग त्यांत वाळला पाला, ज्वारीचीं धाटें, भाजीचीं देठें, चहाचा चोथा, थोडें शेण व तळ्याचा गाळ असे थर देत जावें. थरांची ही रीत शास्त्रशुद्ध करण्याचें श्रेय ॲल्बर्ट हॉवर्ड यांस दिलें जातें. होळकरांच्या इंदुरास १९२४ ते १९३१ या काळांत त्यांनीं तिच्यावर प्रयोग केले, म्हणून जगभर तिला इंदूर पद्धति म्हणतात. हॉवर्डसाहेबांनीं शेतकऱ्याच्या घरींदारीं जें पाहिलें तेंच तपासून मांडलें. म्हणजे विद्या आपलीच; आपण ती उकिरड्यावर टाकून आलों एवढेंच.

आतां काय लावावें? माझी सूचना, प्रथम चार झाडें, अधिक नको. पहिला शेवगा. याची फांदी रोविली तरी फुटते, पाणी थोडें लागतें, व शेंगांबरोबर पाल्याचीही भाजी होते. मात्र त्याचें लांकूड ठिसूळ असतें, वाऱ्यानें फांदी मोडते; म्हणून भिंतीपासून पांच-सहा फूट दूर लावावा व दरवर्षीं छाटावा. दुसरा कढीपत्ता. तिसरी पपई, जी लावल्यापासून वर्षाच्या आंतबाहेर फळ देते. तिच्या मुळाशीं मात्र पाणी तुंबूं देऊं नये. चौथें सीताफळ. तें तर आपल्या बालाघाटाच्या डोंगराचें लेंकरूंच आहे. बीडच्या सीताफळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. मुरमाड जमिनींत तें येतें, पावसाच्या पाण्यावर वाढतें, आणि शेळी त्याच्या पाल्यास तोंड लावीत नाहीं, म्हणून कुंपणाचा खर्च वांचतो. तीन-चार वर्षें धीर धरावा लागतो. पण मग दसरा-दिवाळीच्या सुमारास मुलांस दुकानाकडे पाहावें लागत नाहीं.

झाडांनंतर वेल. मृग लागतांच दोडका, घोसाळें, कारलें, दुधी व वाल यांचें बीं कुंपणाशीं टोंकावें व दोऱ्या बांधून वेल छपरावर चढवावे. यानें जागा अडत नाहीं, आणि पत्र्याच्या छपरास सावलीही मिळते. मग दोन लहान वाफे पालेभाजीचे: मेथी, शेपू, तांदुळजा, चुका, अंबाडी. सर्व बीं एकाच दिवशीं पेरूं नये. आज एक ओळ, आठ दिवसांनीं दुसरी, असें केल्यास भाजी एकदम येऊन फुकट जात नाहीं. मेथी तीन-चार आठवड्यांत खुडण्यास येते. मावा पडल्यास बाजारचें विष आणूं नये. पन्नास ग्रॅम निंबोळीचा चुरा एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण घालून फवारावा.

आतां उत्पन्नाचा हिशेब. तो मी खरा सांगणार आहें. कारण फुगवून सांगितलेली आशा पुढील वर्षीं फरशी होऊन परत येते. या जागेंत धान्य पिकणार नाहीं. कोरडवाहू ज्वारीचें उत्पन्न हेक्टरी दहा क्विंटल धरलें तर एका गुंठ्यास दहा किलो पडतें. पांच माणसांच्या घरांत तें आठवडाभरही पुरणार नाहीं. आणि आपणांजवळ तर गुंठाही नाहीं. म्हणून भाकरी विकतच घ्यावी लागेल. परंतु भाजीचें गणित वेगळें आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०११ सालच्या मार्गदर्शनांत प्रौढ माणसास दररोज निदान ५० ग्रॅम व गरोदर स्त्रीस १०० ग्रॅम हिरवी पालेभाजी मिळावी, असें म्हटलें होतें. पांच माणसांस पाव किलो, म्हणजे एक जुडी. आपल्या किती घरांत ही जुडी रोज येते? महिनाअखेरीस पैसे संपले म्हणजे प्रथम भाजी बंद होते, आणि घरांतील स्त्रीच्या ताटांतून ती सर्वांआधीं नाहींशी होते. पांढऱ्या पडलेल्या डोळ्यांच्या किती माता मी पाहतों! दोन वाफे व एक शेवगा मिळून ही जुडी देऊं शकतात. सर्व रोग त्यानें बरे होतील असें नव्हे. पण आईच्या ताटांत रोज हिरवें पान पडेल.

ज्यांस थोडी अधिक जमीन आहे त्यांनीं श्रीपाद अच्युत दाभोळकर यांचें नांव लक्षांत ठेवावें. १९२४ सालीं जन्मलेले व २००१ सालीं निवर्तलेले हे गृहस्थ महाराष्ट्रांतील ‘प्रयोग परिवारा’चे प्रवर्तक. दहा गुंठे जमिनींत एका कुटुंबाचा योगक्षेम कसा चालेल, हा त्यांच्या चिंतनाचा विषय होता. सामान्य शेतकऱ्यानें स्वतः प्रयोग करावा, त्याचा परिणाम लिहून ठेवावा व दुसऱ्यास कळवावा, ही त्यांची शिकवण. द्राक्षबागाईतदारांनीं तिचा मोठा लाभ घेतला. आपणही एक वही ठेवावी. कोणतें बीं केव्हां पेरलें, किती दिवसांनीं उगवलें, किती भाजी निघाली, हें मुलांनीं तिच्यांत लिहावें. पुढील वर्षीं ती वहीच आपला गुरु होईल.

“आम्ही भाड्याच्या खोलींत राहतों, आम्हांस माती कोठली?” असें कांहीं भगिनी म्हणतील. त्यांना मी मुंबईकडे पाहावयास सांगतों. तेथें बंदराच्या विश्वस्त मंडळाच्या स्वयंपाकगृहांतून कामगारांसाठीं रोज जेवण तयार होत असे व पुष्कळ भाजीपाल्याचा कचरा निघे. तेथील अधिकारी प्रीती पाटील यांनीं २००२ च्या सुमारास त्याच कचऱ्याचें खत करून सुमारे ३,००० चौरस फुटांच्या गच्चीवर फळझाडें व भाज्या वाढविल्या. गच्चीवर जर बाग होते, तर तेलाच्या जुन्या डब्यांत व फुटक्या बादलींत कोथिंबीर, पुदिना, मिरची व मेथी कां होणार नाहीं? डब्याच्या तळाशीं भोंकें पाडण्यास मात्र विसरूं नये.

आतां मी त्या कुटुंबांविषयीं बोलतों, ज्यांची मला सर्वांत अधिक काळजी वाटते. दसरा-दिवाळी झाली कीं आपल्या वस्तींतील कित्येक घरांस कुलूप लागतें. उचल घेतलेली असते, मुकादम टोळी भरतो, आणि नवराबायको पश्चिम महाराष्ट्रांत किंवा कर्नाटकांत ऊंस तोडण्यास जातात. परत येतात तीं उन्हाळ्याच्या तोंडाशीं. त्यांच्यासाठीं बाग ही चैन आहे, असें आपण समजूं नये. मृगापासून दिवाळीपर्यंतचे पांच महिने त्यांचे आहेत, आणि नेमके तेच पावसाचे महिने. त्यांनीं वेल व पालेभाज्या लावाव्या, पोटभर खाव्या. उरलेली गवार, कारलीं, मेथी वाळवून ठेवावी, म्हणजे तोडीच्या मुक्कामीं उपयोगीं पडेल. जातांना मूठभर मेथीचें व कोथिंबिरीचें बीं पुरचुंडींत बांधून न्यावें. कोपीच्या आडोशास जेथें भांड्यांचें पाणी पडतें, तेथें एक वाफा होतो.

मागें राहिलेल्या झाडांचें काय? येथेंच धर्मग्राम म्हणून आपली कसोटी आहे. जो जातो त्यानें शेजाऱ्यास सांगून जावें, आणि जो राहतो त्यानें आठवड्यांतून दोनदां त्या झाडास पाणी घालावें. मोबदल्यांत त्या सहा महिन्यांतील शेंगा-फळें अर्धेलीनें घ्यावीं. ज्या घरीं आजी व शाळेंत जाणारीं मुलें राहिलेलीं असतात, तेथें शेजाऱ्याचें दिवसाआड येणें झाडापुरतेंच उपयोगी पडत नाहीं. आजीला औषध आहे कीं नाहीं, मुलगी शाळेंत गेली कीं नाहीं, हेंही त्यास दिसतें. कुलूप लागलेल्या घरांतील मुलांची विचारपूस करण्यास पुष्कळांस संकोच वाटतो. झाडास पाणी घालण्यास आलों, असें म्हणण्यास कोणास संकोच वाटणार नाहीं.

आणखी दोन शंका राहिल्या. साप-विंचू येतील, असें कोणी म्हणतो. ते येतात अडगळीमुळें, विटांच्या ढिगामुळें व उंदरांमुळें. खुरपलेल्या, स्वच्छ वाफ्यांत त्यांस लपण्यास जागा नसते. वेळ कोठें आहे, असें दुसरा म्हणतो. रोज अर्धा तास पुरे. तो अर्धा तास बापानें मुलांबरोबर घालवावा, अशी माझी खास विनंती आहे. बागेंतील काम नेहमीं आईच्या अंगावर टाकूं नये. तिच्या डोक्यावर आधींच पुष्कळ भार आहे. पाणी वाहून नेणें, खड्डा खणणें हीं गड्याचीं कामें. तीं गड्यांनीं करावीं.

या महोत्सवाची आठवण म्हणून काय करावें, असें अनेकांनीं मला विचारलें. मी तीन गोष्टी मागतों. पहिली, ज्यांनीं अजून फरशी घातली नाहीं त्यांनीं चौथा हिस्सा मोकळा ठेवावा. आणि ज्यांनीं घातली आहे त्यांनीं मोरीजवळची एक फरशी उचलून तेथें अळू लावावें. दुसरी, ज्येष्ठ महिन्याच्या प्रारंभीं एका रविवारीं मिस्सेनंतर आपण बियाण्यांची देवघेव करूं. ज्याच्या घरीं जें बीं असेल तें त्यानें राखेंत घोळून, कागदांत बांधून, वर नांव लिहून आणावें व नसेल तें न्यावें. पैशाचा व्यवहार त्यांत नको. तिसरी, यापुढें घराच्या आशीर्वादासाठीं मला बोलवाल तेव्हां खोल्यांबरोबर एक खड्डाही खणून ठेवावा. घरावर तीर्थ शिंपडल्यावर त्या खड्ड्यांत सीताफळाचें रोप मी स्वतः लावीन.

आपल्या वाडवडिलांनीं दुसऱ्याच्या शेतांत घाम गाळला, आणि पीक दुसऱ्याच्या घरीं गेलें. आपल्या दीडशे फुटांत जें पिकेल तें आपल्या मुलांच्या ताटांत येईल, व थोडें शेजाऱ्याच्याही. तें थोडेंच असेल, पण आपलें असेल. परमेश्वर आपल्या घरांवर, अंगणांवर व कष्टकरी हातांवर कृपादृष्टि ठेवो, वेळेवर पाऊस देवो, आणि तोडीस गेलेल्या आपल्या माणसांना सुखरूप परत आणो, अशी प्रार्थना करून, मी आपली रजा घेतों.